एकवीस की वीस एक?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली तेथे जन्मलेल्या या संताने दासबोधाची रचना वीस दशकांची आणि प्रत्येक दशकात दहा समासांची केली. वीस दाहे दोनशे, इतका तो हिशेब सरळ आहे. दासबोधातला हाच 'दशक' शब्द प्राथमिक शाळेतील मुलाला गणिताच्या पुस्तकात भेटतो; पण तेथे वाट तितकी सरळ राहत नाही. दोन दशक आणि एक सुटा मिळून होणाऱ्या संख्येचे मराठी नाव 'एकवीस'. डोळ्यांना आधी दोन दिसतो, कानांवर मात्र आधी एक पडतो.

ही गाठ सोडविण्याचा प्रयत्न जून २०१९ मध्ये झाला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'बासष्ट'च्या जोडीला 'साठ दोन' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. विधिमंडळात तिची टिंगल झाली, भाषेवर घाला पडल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली. दोन्ही पद्धती ठेवल्या असल्याचा खुलासाही करण्यात आला. परंतु टिंगलीच्या भरात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

अडचण खोटी नाही. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही नावे जोडाक्षरांसह एकेक करून पाठ करावी लागतात. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एक उणे' हा नियम चालतो आणि नव्याण्णवाला येऊन तो मोडतो. शंभराच्या पुढे तर आणखी गंमत आहे. १२१ म्हणताना 'एकशे' प्रथम, मग 'एक' आणि शेवटी 'वीस', म्हणजे शतक, एकक, दशक! जुन्या पाढ्यांत सोळा साते 'बारोत्तरशे' होत असत. आज सारे 'एकशे बारा' म्हणतात. हा बदल मराठीने कोणाच्याही हुकमावाचून पचविला आहे.

शेजारच्या कन्नड आणि तेलुगू भाषांत वीस आधी आणि एक नंतर, असाच क्रम आहे. इंग्रजीतही पूर्वी 'चार आणि वीस' अशी उलटी रीत होती. आज ती तेरा ते एकोणीस एवढ्यापुरतीच उरली आहे. नॉर्वेने १९५१ साली सरकारी निर्णयाने क्रम बदलला. तरी जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून पुरती गेली नाही. पाठ्यपुस्तकाने शिकवावे आणि भाषेने आपल्या चालीने चालावे, हे दोन्ही एकाच वेळी घडू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नाही. संख्यांची नावे ही केवळ गणिताची मालमत्ता नव्हे. पाठीला पाठ लावून बसलेल्या ३ आणि ६ मधून निघालेला 'छत्तीसचा आकडा' हा 'तीस सहाचा आकडा' होऊ शकत नाही. दोनाचे चार हात होतात, कामाचे तीनतेरा वाजतात, घरी अठराविश्वे दारिद्र्य असते. शिवाय पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनसाठीचा औट ही अपूर्णांकांची नावे म्हणजे मराठीचे खरे वैभव. सव्वा किंवा अडीच यांना इंग्रजीत एका शब्दाची सोय नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकलेला माणूस बाजारात तोंडी हिशेब करीत असे.

पण हे वैभव आज कोण वापरतो? 'साठ दोन' ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडली, त्यांतील किती जण आपला दूरध्वनी क्रमांक मराठीत सांगतात? दुकानदार मराठी, गिऱ्हाईक मराठी, आणि किंमत मात्र 'सिक्स्टी टू'! औटकी विसरली गेली ती कोणत्याही समितीने काढून टाकली म्हणून नव्हे, तर घरात ती कोणी म्हणेनासे झाले म्हणून. मुलाला एकोणसत्तर म्हणजे किती हे कळत नाही, तेव्हा वडीलधारी माणसे त्याला इंग्रजी आकडा सांगून मोकळी होतात. बासष्टाला खरा धोका 'साठ दोन'चा नाही. तो या सोयीस्कर मोकळीकीचा आहे.

म्हणून शिक्षकाने 'साठ दोन' हा पूल म्हणून वापरावा आणि त्यावरून मुलाला 'बासष्ट'पर्यंत न्यावे. पुलावर कोणी घर बांधीत नाही, पण पूल पाडून पैलतीरही गाठता येत नाही. पुढचे काम शाळेचे नाही. कचेरीत, दुकानात, बसमध्ये, घरात बासष्ट हा शब्द मुलाच्या कानांवर पडला पाहिजे. रोजच्या व्यवहारातून उठून गेलेला शब्द पाठ्यपुस्तकात राहिला काय आणि गेला काय, सारखेच.