हरलेला घोडा कोणाच्या खात्यात?



या वेळी आयंबिलच्या पदार्थांवर लिहायचं ठरवलं होतं, ते राहिलं. कारण गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात घोडा शिरला. खरा नाही, कागदावरचा. माझ्या नणंदेच्या मुलाने पुण्याहून फॅमिली ग्रुपवर एक योजना टाकली. यवतमाळबाहेर आपली जी जमीन नुसती पडून आहे, तिच्यावर शर्यतीच्या घोड्यांची पैदास करायची आणि चार घरांनी मिळून पैसे घालायचे. खाली लिहिलं होतं, "मामी, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. यात हिंसा कुठेच नाही. घोडा लाडात वाढतो. आणि कापसापेक्षा खात्रीचं उत्पन्न."

घरातल्या पुरुषांनी लगेच अंगठ्याची चित्रं टाकली. मी दोन दिवस गप्प राहिले आणि वही घेऊन बसले. धर्माचं मी नंतर बोलेन. आधी हिशोबानेच हा धंदा मला पटत नाही.

दहा गाई पाळल्या तर दहा गाईंचं दूध येतं. शर्यतीत दहा घोडे धावले तरी पहिला एकच येतो, आणि बक्षिसाची थैली पहिल्या चार-पाचांत वाटून संपते. उद्या आपण आणखी शंभर शिंगरं जन्माला घातली म्हणून ती थैली फुगत नाही, वाटेकरी तेवढे वाढतात. म्हणजे बहुतेक घोड्यांचा खर्च निघणारच नाही, हे या धंद्याच्या रचनेतच आहे. नशीब किंवा व्यवस्थापन वाईट होतं, असं म्हणायची सोय नाही. पैदास करणाऱ्याला पैसे कोण देतो? घोड्याचा मालक. आणि तो बहुतेकदा शौकापायी तोटा सोसतो. गिऱ्हाइकाच्या तोट्यावर चालणाऱ्या दुकानात माझ्या सासऱ्यांनी एक रुपया घातला नसता.

आता ती थैली भरते कुठून ते पाहा. पैजांमधून. 1996 साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, आणि भाच्याने तो निकालही मला पाठवला. कायद्याने तो जुगार नसेल, ठीक. पण जीएसटीवाल्यांनी काय केलं? ऑक्टोबर 2023 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. चैनीच्या आणि घातक मानलेल्या गोष्टींचा जो दर, तोच. घोडेवाले म्हणतात की यामुळे पैज लावणारा चोरून बुकीकडे जातो आणि धंदा मरतो. खरं असेल. पण पैज महागली की जो धंदा मरतो, त्याला शेतीपूरक उद्योग म्हणू नका. त्याचं मूळ शेतात नाही, पैजेच्या खिडकीवर आहे.

शिवाय शर्यतीची जागाच आकसते आहे. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स 1883 पासूनचं. त्याचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला, आणि 2024 मध्ये 211 एकरांपैकी 120 एकर शहराच्या उद्यानासाठी घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा पट्टा तिथल्या सरकारने रद्द केला. मकाऊत शर्यती बंद झाल्या. सिंगापूरने पावणेदोनशेहून अधिक वर्षांची परंपरा ऑक्टोबर 2024 मध्ये मिटवली आणि मैदानाची जमीन घरांसाठी परत घेतली. ज्या मालाची बाजारपेठ अशी मिटत चालली आहे, त्या मालाचं बी आपण आता पेरायचं?

आणि हे पीक किती दिवसांचं! घोडी अकरा महिने गाभण राहते, एका वेताला एक शिंगरू. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे नामांकित वळूघोड्याचा भाव वेगळा मोजायचा. शिंगरू दोनेक वर्षांचं होईपर्यंत त्याला पोसायचं, मग ते विकायचं. म्हणजे पहिला रुपया हातात यायला जवळपास तीन वर्षं. पुण्याकडे हे चालतं, कारण तिथे हवा बरी आहे, जवळ रेसकोर्स आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे मोतद्दार आणि नालबंद आहेत, जनावरांचे जाणते डॉक्टर आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि लसूणघासाला लागणारं पाणी वेगळंच. 2018 चा उन्हाळा विसरलात का गं? निळोणा आटलं होतं, आणि आपण टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे मांडून बसलो होतो. त्या वर्षी आपल्या जमिनीवर वीस घोडे असते तर?

भाच्याचा तक्ता मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, पण सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "आणि जो हरला, त्याचं काय?"

तक्त्यात तो रकानाच नव्हता.

बहुतेक घोड्यांची शर्यत सात-आठ वर्षांच्या वयात आटोपते, पण घोडा पंचवीस वर्षं जगतो. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर रोज नऊ-दहा किलो चारा-दाणा खातं, म्हणजे वर्षाला साडेतीन टन. उरलेली पंधरा वर्षं धरली तरी पन्नास टनांवर जातं, एका घोड्याचं. हा खर्च पैदास करणाऱ्याच्या वहीत नाही आणि मालकाच्याही नाही. मग तो घोडा विकला जातो, पुन्हा विकला जातो, कधी वरातीत, कधी टांग्याला, आणि नशीब असेल तर पांजरापोळाच्या दारात पोचतो. तिथे त्याचा चारा कोण भरतं? संवत्सरीला जीवदयेच्या पेटीत पैसे टाकणाऱ्या आपण. नफा त्यांचा, आणि तोटा आपल्या दानाच्या खात्यात. सगळा खर्च मांडला की या धंद्यात नफा उरतच नाही, म्हणून तो मांडत नाहीत.

आता धर्म. भाचा म्हणतो हिंसा नाही. अरे, प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं दर वेळी म्हणतो. त्यात केशवाणिज्य आहे, म्हणजे केसाळ प्राण्यांचा व्यापार. निर्लांछन आहे, म्हणजे जनावराचं खच्चीकरण, आणि शर्यतीतले कितीतरी घोडे खच्ची केलेलेच असतात. पहिल्या अणुव्रताचे अतिचार पाहा: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. यातला वध म्हणजे नुसतं जीव घेणं नव्हे, फटकावणंही. घोड्यावर बसणाऱ्याच्या हातात चाबूक कशाला असतो मग? आणि सात व्यसनांत पहिलं नाव द्यूताचं. तोंडाने म्हणताना अर्थ लक्षात घ्यायचा नाही, अशी आपल्याला सवय लागली आहे. मलाही आहे.

घोडा आपल्याला परका नाही. संभवनाथ भगवंतांचं लांछन घोडा. मुनिसुव्रतस्वामी आपल्याच मराठी मुलखातल्या पैठणहून एका रात्रीत साठ योजनं चालून भरूचला गेले, असं सांगतात. कशासाठी? यज्ञात बळी जाणाऱ्या एका घोड्याला बोध द्यायला. तो घोडा किती वेगाने पळतो, हे त्या कथेत कुणी विचारत नाही.

एका जागी मात्र माझं तोंड बंद होतं. आपल्या जिल्ह्यात कपाशीत निंदायला गेलेल्या बाईला साप चावला की दवाखान्यात जे औषध टोचतात, ते घोड्याच्या रक्तातून बनतं. पूनावालांचं स्टड फार्म 1946 चं. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे अशा औषधांसाठी जात, आणि त्यातूनच 1966 साली सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना निघाली. त्या सुईने वाचलेल्या बाईसमोर उभं राहून मी घोड्याच्या रक्तावर प्रवचन देणार नाही. पण भाच्याने हे उदाहरण माझ्यावर फेकलं तेव्हा मी त्याला म्हटलं, नीट बघ, घोड्यांवरून जगभर पोचलेला धंदा उभा राहिला तो लशींचा, पैजेचा नव्हे.

हो, आणि आपल्या वराती? नवरदेवासाठी घोडी सांगताना ती आधी कुठे होती आणि नंतर कुठे जाईल, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे. या वेळी जावेशी बोलणार आहे. ती रागावेल, तिला घोडीशिवाय वरात म्हणजे सुतक वाटतं.

भाच्याला मी तक्ता परत पाठवला, एक रकाना वाढवून: "हरलेल्या घोड्याचा पंचवीस वर्षांपर्यंतचा खर्च". तो भरून आण, मग बसू म्हटलं. आठ दिवस झाले. ग्रुपवर त्याने काल फक्त पर्युषणातल्या अठ्ठाईचे फोटो टाकले.

लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.