मांजरं पोत्यात भरणाऱ्यांनो

मांजरं पोत्यात घालून मासळी बाजाराकडे सोडून येणं हा गुन्हा आहे. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या सभेत हे बोलायला उठलो तर मला मध्येच बसवलं. ‘एवढा पुळका असेल तर घरी न्या,’ हे ठरलेलं उत्तर मिळालं आणि मांजरं हटवण्याचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकणं, हाल होतील अशा रीतीने ते वाहून नेणं, 1960 च्या कायद्यात ही दोन्ही क्रौर्याची कृत्यं आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. इतक्या वर्षांत हा आकडा कोणत्याच सरकारला टोचला नाही, म्हणून सेक्रेटरी लोक बिनधास्त आहेत. मांजर मारलं किंवा जायबंदी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सभेत कुणी वाचून दाखवत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी ए विंगमधली भाटी अशीच उचलली. तिच्या आचळांत दूध उतरलंय हे पकडणाऱ्याला दिसत होतं. पिल्लं मीटररूममध्ये, जुन्या केबलच्या भेंडोळ्यामागे होती, डोळेही न उघडलेली. ती दोन दिवस ओरडत होती. रहिवाशांनी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने सुपरवायझरला. तिसऱ्या दिवशी वास सुटला, तेव्हा झाडूवाल्या मावशींच्या हातात फिनाइल दिलं गेलं, हातमोजेही नाहीत. मी गावाहून परतलो तेव्हा हे मला त्यांनीच सांगितलं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं मानणारी घरं आहेत ही! ते दुसऱ्याच्या वस्तीत मेलं की पाप लागत नाही, असं यांना कोणत्या शास्त्राने शिकवलं?

बरं, एवढं करून मांजरं संपली का? नाही. रविवारी सुरमईची डोकी आणि कोळंबीची सालं पिशवीत बांधून जिन्यात ठेवायची आणि मांजरं का येतात म्हणून विचारायचं. खाणं आहे तोवर रिकाम्या जागेत दुसरं मांजर येणारच. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पोती कमी पडतील.

खायला घालणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये कॅटफूडची मूठ टाकून फोटो काढणाऱ्यांनी एका तरी मांजराची नसबंदी केली आहे का? नसबंदी न करता खायला घालणं म्हणजे गाडीखाली येणारी, डोळे चिकटलेली, तापाने मरणारी पिल्लं वाढवणं. मला ही माया मान्य नाही.

मांजर आपल्या वस्तीत उगाच आलेलं नाही. 1908 च्या सुमारास अमरावतीत असलेले सरकारी डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी प्लेग रोखण्यासाठी गावोगावी मांजरं पाळा, असं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, कारण मांजरं भरपूर असलेल्या गावांत प्लेग फारसा शिरत नाही असं त्यांना दिसलं होतं. मोठ्या घुशीला बोका बिचकतो, हे मला ठाऊक आहे. पण उंदरांची पिल्लं तो सोडत नाही, आणि दर पावसाळ्यात लेप्टोच्या भीतीने गोळ्या घेणाऱ्या शहराने एवढं तरी ओळखायला हवं.

उपाय अवघड नाही. पिंजरा लावून मांजर धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाचं टोक छाटायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. बोके रात्री भांडायचे आणि भिंतीवर उग्र मूत मारायचे बरेच कमी होतात, म्हणजे तक्रारवहीतल्या निम्म्या तक्रारी मिटतात. पोतंवाल्याला देण्यासाठी घरटी जी वर्गणी काढली, ती यासाठी काढा. जुनी मांजरं आपल्या जागेवर राहतील, वयाप्रमाणे कमी होत जातील. महापालिकेने यासाठी प्रत्येक प्रभागात पिंजरे आणि डॉक्टर द्यावेत. कर भरणारा नागरिक म्हणून मी ते लेखी मागितलं आहे, तुम्हीही मागा. आणि पुढच्या वेळी वॉचमन पोतं घेऊन जिना चढला, तर मी सेक्रेटरीकडे जाणार नाही, थेट पोलीस चौकीत जाईन.