दुकानाची पाटी स्वतःच्या नावाची असावी

गूगलने लहान दुकानदारांना फुकट दिलेल्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असे, तीच ही पाने. १० जून २०२४ पर्यंत तिथे येणारे गिऱ्हाईक गूगलच्याच दुकान-नोंदीकडे वळवले जात होते. त्यानंतर पत्ताच मेला. ज्यांनी तो बिलबुकावर व पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई फुकट गेली.

इतवारी, गांधीबाग, मोमिनपुऱ्यातील व्यापारी बांधवांना आणि कामठीच्या कारागिरांना माझे सांगणे आहे की, वेबसाइट जरूर करावी. पण साधी करावी आणि नाव विकत घ्यावे. डॉट इन नावाला वर्षाला साधारण हजाराच्या आत खर्च येतो. ते आपल्याच नावे, आपल्याच ईमेलवर नोंदवावे. साइट करून देणारा पोरगा ते स्वतःच्या खात्यावर घेतो आणि पुढे भांडण झाले की नाव त्याच्याकडेच राहते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते, पण सुरतेचा आडत्या रोमन अक्षरेच टाईप करणार. म्हणून आधी डॉट इन.

साधी म्हणजे स्टॅटिक. रेडिमेड सदरा आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला सदरा यात जो फरक, तोच इथे आहे. स्टॅटिक पान आधीच तयार असते, मागेल त्याला तसेच दिले जाते. मागे डेटाबेस नाही, त्यामुळे पान लवकर उघडते आणि चोरट्यांना शिरायला वाटाही कमी. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी असे पान फुकट ठेवता येते. नाव आपले असले की उद्या ती सोय बंद झाली तरी सामान उचलून दुसरीकडे नेता येते, पत्ता बदलत नाही.

अशा पानावर भाव लिहू नयेत. सुताचा भाव हलतो आणि जुना भाव दाखवून गिऱ्हाईक हुज्जत घालते. पन्हा, काउंट, रंग पक्का की कच्चा, कमीत कमी किती नग, दुकान कोणत्या वारी बंद, एवढे स्पष्ट लिहावे.

खरी गफलत फोटोंत होते. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे वीस फोटो तसेच चढवले तर खेड्यातले गिऱ्हाईक वाट पाहून निघून जाते. रुंदी हजार-बाराशे पिक्सेल करून वेबपी प्रकारात साठवला की तोच फोटो शे-दोनशे केबीत बसतो. प्रत्येक फोटोमागे 'आल्ट'च्या जागी मालाचे नाव लिहावे. पानाच्या टायटलमध्ये नुसते दुकानाचे नाव पुरत नाही, 'सुती लुंगी, होलसेल, नागपूर' असे हवे.

उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हा लोकांची एक सवय मात्र सुटत नाही. इनपेजमध्ये सुंदर मजकूर करायचा आणि त्याचे चित्र साइटवर लावायचे! चित्रातला मजकूर गूगलच्या शोधात सापडणे कठीण. उर्दू युनिकोडमध्येच टाकावी, पानाची दिशा 'आरटीएल' ठेवावी. नस्तालिकचे काही फॉन्ट कित्येक एमबीचे असतात. ते मथळ्यालाही लावू नयेत, फोनमधलाच फॉन्ट चालतो. मराठीवाल्यांचे जुने श्रीलिपीतील दरपत्रकही तसेच, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे.

पान चढवल्यावर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्याची नोंद करावी, ती फुकट आहे. मग दुकानातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून ते उघडून पाहावे.