पैलवानाचा जुना फोटो विकत घेऊ नका, स्कॅन करा



जुन्या वस्तूंच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, जुन्या पैलवानांचे, खेळाडूंचे फोटो गोळा करून विकले तर चालतील का?" अमेरिकेत बेसबॉलच्या गाजलेल्या खेळाडूंचे जुने फोटो लिलावात मोठ्या किमतीला जातात, ते बघून हा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे. गोळा जरूर करा, पण घरच्यांकडून मूळ फोटो विकत घेऊ नका.

आपल्याकडं मालाला तोटा नाही. १९५२ हे एकच साल घ्या. फेब्रुवारीत मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली, कॅप्टन विजय हजारे, जन्म सांगलीचा. जुलैत हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं, ते खाशाबा जाधवांचं, कराडजवळच्या गोळेश्वरचे. आणि सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने तर आजही घराघरांत माहीत आहेत.

मग धंदा का नको? तिकडं फोटोची किंमत कशावर ठरते ते बघा. फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत मूळ निगेटिव्हवरून काढलेली प्रत पहिल्या दर्जाची धरतात. मागं फोटोग्राफरचा किंवा एजन्सीचा शिक्का, तारीख, नाव बघतात. थोडक्यात, गिऱ्हाईक कागदाचे नाही, खात्रीचे पैसे देतं.

आपल्याकडच्या घरातला फोटो उलटा करून बघा. बहुतेक वेळा मागं काहीच नसतं. ती सगळी माहिती घरातल्या आजीच्या डोक्यात असते. खाशाबांना हेलसिंकीला जायला लोकांनी वर्गणी काढली होती, परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अशा फोटोत पैलवान कोण हे सगळेच सांगतील. पण शेजारी हार घेऊन उभा असलेला माणूस कोण, ते फक्त घरचेच सांगणार. तुम्ही पाचशे रुपये देऊन फोटो उचलला की तुमच्याकडं नुसता पुठ्ठा आला, आणि त्या घरची भिंत रिकामी झाली. यात दोघांचाही तोटा आहे.

धंदा सेवेत आहे. फ्रेमवाले, झेरॉक्सवाले, स्टुडिओवाले, हे तुमच्यासाठी:

१. फोटो घरीच किंवा दुकानात मालकासमोर स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयला. मूळ प्रत त्याच दिवशी परत.

२. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप बंद. जुना फोटो त्यानंच जास्त खराब होतो.

३. नावं, गाव, साल विचारून लिहून घ्या. फोटोमागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं हलकं, बॉलपेन नको. सालाची खात्री नसेल तर "अंदाजे" लिहा.

४. मूळ फोटो उन्हात लावू नका. भिंतीवर नवीन प्रिंट, मूळ प्रत कोरड्या जागी पाकिटात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नकोच.

५. फोटो घरात आहे म्हणून छापायचा हक्क घरच्यांचाच, असं नसतं. प्रसिद्ध झालेल्या फोटोवर आपल्या कायद्यानं २०१२ पर्यंत प्रसिद्धीपासून साठ वर्षं कॉपीराइट असायचा; त्यानंतरच्या कायद्यानं तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. विकायला प्रिंट काढण्याआधी ते तपासा आणि घरच्यांची लेखी परवानगीही घ्या.

पैसे स्कॅनिंगचे, प्रिंटचे आणि फ्रेमचे घ्या, हक्कानं घ्या. तालमीच्या भिंतीवरचे सगळे फोटो नावासकट करून दिलेत तर पुढचं गिऱ्हाईक त्याच तालमीतून येईल. तुमचा संग्रहही वाढेल, आणि तो नावागावासकट असेल.

गावोगाव जुनी घरं पाडून स्लॅब पडतायत. सामान हलवताना पहिली फुटते ती फ्रेम, आणि फोटो जातो भंगारात. म्हणून या रविवारी आपल्या गावच्या तालमीत जा, वस्तादांना नमस्कार करा आणि भिंतीवरच्या एका फोटोतली सगळी नावं विचारून लिहून काढा. सुरुवात तेवढ्यानं होते, भांडवल शून्य.