सुप्यापर्यंतची चक्कर आणि चितळे रोडची भाजी

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. डीपीएफचा. गॅरेजवाल्याने गाडी बघितली, हसला आणि म्हणाला, "दादा, बिघाड काही नाही. गावातच फिरते ना ही? सुप्यापर्यंत एक चक्कर मारून या, साठ-सत्तरचा स्पीड धरून. दिवा आपोआप जाईल."

गेलो. नगर ते सुपा आणि परत. दिवा गेला. येताना केडगावात ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा हिशोब केला आणि माझंच मला हसू आलं. सावेडीतून चितळे रोडला भाजी आणायला तीन-चार किलोमीटर गाडी नेता यावी, म्हणून मी पन्नासेक किलोमीटरचं डिझेल जाळून आलो होतो!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी साठली की ती जाळावी लागते आणि त्याला साधारण सहाशे अंश तापमान लागतं. दिल्लीगेट, चौपाटी कारंजा असं थांबत थांबत गेल्यावर इंजिनच धड तापत नाही, तिथं फिल्टर कुठून तापणार? पेट्रोलवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. थंड इंजिन पेट्रोलही जास्तच पितं. कंपनीने सांगितलेलं मायलेज गावात का मिळत नाही, याचं निम्मं उत्तर यातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा गाड्यांच्या विरोधात कधीपासून गेला? अजिबात नाही. मला ओळखणाऱ्यांना माझं वेड माहीत आहे. दर रविवारी गाडी स्वतःच्या हाताने धुणारा माणूस आहे मी. नवी गाडी लाँच झाली की जेवण बाजूला ठेवून आधी तिचे आकडे बघतो. म्हणूनच सांगतो, गावातल्या तीन किलोमीटरसाठी कार हे चुकीचं हत्यार आहे. आणि हे बोलायची पहिली जबाबदारी आपल्यासारख्या कारवेड्यांची आहे.

नगरकरांना तर हे कुणी शिकवायची गरजच नसावी. कागदावर आता आपण अहिल्यानगर झालो, पण या गावाचं आणि वाहनांचं नातं जुनं आहे. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली. 50 सीसीची, पायडल मारून सुरू होणारी. कारखान्यातला कामगार, शाळेतल्या बाई, दूधवाला, सगळ्यांना परवडली. कायनेटिक चौक आजही आपल्या तोंडात आहे. लष्कराची वाहनं जिथं तपासली जातात ती व्हीआरडीई आपल्या वाहननगरला. म्हणजे रोजच्या प्रवासाची दोन्ही शहाणी उत्तरं, बस आणि हलकं वाहन, याच मातीत चाकावर उभी राहिली. आणि आज आपण काय करतोय? एकटा माणूस, सात सीटची गाडी, आणि कापडबाजारात पार्किंग शोधत तीन चकरा.

यात एकट्या गिऱ्हाइकाची चूक नाही. उद्योगालाही मोठी गाडी विकण्यात जास्त पैसा दिसतो. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आता निम्म्याहून जास्त एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. सरकारचा कर बघा. चार मीटरच्या आतली, लहान इंजिनची गाडी 'छोटी' समजली जाते. सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर जीएसटी 18 टक्के आहे, मोठीवर 40. ठीक आहे. पण हा नियम लांबी मोजतो, रुंदी मोजत नाही. मारुती 800 ची रुंदी होती 1440 मिलिमीटर. चार मीटरच्या आतच बसणारी नेक्सॉन 1804 आहे. स्कॉर्पिओ-एन 1917. म्हणजे 800 पेक्षा दीड फूट जास्त! दोन्ही गाड्या मला आवडतात. पण गाड्या फुगल्या म्हणून माळीवाड्यातल्या गल्ल्या रुंद झाल्या का? समोरासमोर दोन आल्या की एकाने रिव्हर्स घ्यायचा, नाहीतर काच खाली करून भांडायचं.

आणि ही जागा येते कुठून? चालणाऱ्याच्या आणि दुचाकीवाल्याच्या वाट्याची. केंद्र सरकारचाच आकडा आहे: 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात जवळपास 44 टक्के दुचाकीवर होती, आणि दर पाचांत साधारण एक पायी चालणारा. आमचे वडील पंचाहत्तरीचे. आयुष्यभर लुना चालवली. आता मनमाड रोड ओलांडून पलीकडच्या मेडिकलमध्ये जायला घाबरतात. शंभर फुटांच्या अंतरासाठी मला हाक मारतात. ज्या रस्त्यावर आपला बाप चालू शकत नाही, त्या रस्त्यावर आपली गाडी कितीही भारी असली तरी कसला अभिमान?

नोव्हेंबर 2022 मध्ये सक्कर चौकातला उड्डाणपूल सुरू झाला. सुमारे तीन किलोमीटरचा. बाहेरून येऊन बाहेर जाणाऱ्याची सोय झाली, चांगलंच झालं. पण गावातल्या गावात फिरणाऱ्याचं काय? त्याचा रस्ता पुलाखालचाच.

महापालिकेत जे कोणी आहेत आणि उद्या मत मागायला येतील, त्यांच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, केडगाव ते नागापूर एमआयडीसी दर दहा मिनिटाला बस, सकाळी सहापासून रात्री शेवटची शिफ्ट सुटेपर्यंत. दहा मिनिटाला आली तरच लोक गाडी घरी ठेवतील, तासाने येणाऱ्या बसची कुणी वाट बघत नाही. दोन, सावेडी रोडला चालता येईल असा सलग फुटपाथ, टपऱ्या आणि गाड्या चढणार नाहीत असा. तीन, बाजारपेठेत पैसे घेऊन पार्किंग. हो, पैसे घेऊन! सहा लाखांपासून वीस लाखांची गाडी घेणाऱ्याने तासाचे वीस रुपये द्यायला काय हरकत आहे? मी देईन.

आणि माझ्यापुरतं ठरवलंय. पाच किलोमीटरच्या आत कार काढायची नाही. लुनासुद्धा 2024 मध्ये ई-लुना होऊन विजेवर परत आली, मग आपल्याला स्कूटरवर बसायला कसली लाज? कार आहेच. ती ताम्हिणीला जाईल, भंडारदऱ्याला जाईल, पहाटे पाचला मोकळ्या हायवेवर जाईल. तिचा जन्म त्यासाठीच आहे.

तुमच्या घरातली कार आठवड्यात किती वेळा गावाबाहेर जाते आणि किती वेळा कोपऱ्यावरच्या दुकानात? खरं खरं सांगा राव.