पांघरूण कुणासाठी?

भगिनींनो, ‘हे’ पिऊन पडले की ऑफिसात ‘ताप आलाय’ असा निरोप कोण धाडतं? आपणच ना! अब्रू झाकायला म्हणून घातलेल्या त्या पांघरुणाखाली व्यसनच सुखाने वाढतं. यापुढे ‘ह्यां’चा निरोप ‘ह्यां’नाच देऊ द्या. मुलांनाही खरं सांगा, ‘बाबांना दारूचा आजार आहे, तुमचं काही चुकलेलं नाही.’

ते उपचाराला तयार नसले तरी तुम्ही एकट्या मदत घेऊ शकता. अवचट दांपत्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये अशा पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. ‘अल-अनॉन’च्या सभा तर खास कुटुंबीयांसाठीच असतात, नि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. एकदा जाऊन बसा. मात्र मारहाण होत असेल, तर आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागा गाठा.