राज्य बुडाले, करार तरला

कोल्हारच्या पुलाखालून वाहणारी प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी पैठणच्या नाथसागरात जाते. 1951 साली हा प्रवास दोन राज्यांतून होत असे. कोल्हार मुंबई राज्यात, पैठण हैदराबादेत. त्याच वर्षी या राज्यांनी कृष्णा-गोदावरीच्या पाणीवाटपाचा करार केला आणि पाचच वर्षांत भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. करार करणाराच उरला नाही, मग कराराचे काय?

पुनर्रचना कायद्याच्या 108व्या कलमाने सिंचन व वीजप्रकल्पांविषयीचे जुने करार उत्तराधिकारी राज्यांवर बंधनकारक ठेवले होते. तरीही 1951च्या वाटपावरून वाद पेटायचा तो पेटलाच. 1969मध्ये लवाद नेमावा लागला. अखेर 1975मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र यांनी आपसात नवा करार केला. पैठणपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राचे. त्याखाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसी. लवादाने 1980च्या निवाड्यात हा करार स्वीकारला.

या कराराची खरी कसोटी नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावर लागली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2013मध्ये बंधाऱ्याला मान्यता दिली, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावे, असे बजावले. दावा लावणारे होते आंध्र. पुढच्याच वर्षी तेलंगण वेगळे झाले, पोचमपाड त्याच्या वाट्याला गेले. महाराष्ट्राने ‘आमचा करार तुमच्याशी नव्हता’ असे म्हटले नाही. दरवाजे उघडतात ते आता तेलंगणासाठी. शेजारधर्म असाच पाळावा लागतो.

घरात मात्र चित्र निराळे. कोल्हार आणि पैठण एका राज्यात आले, सीमा गेली, आणि सीमेपलीकडच्या माणसाशी लेखी बोलण्याची गरजही संपली असे सर्वांनीच धरून चालले. समन्यायी वाटपासाठी 2005चा कायदा करावा लागला. त्याची अंमलबजावणीही सुखासुखी झाली नाही, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. भंडारदऱ्याचे धरण 1926चे, जायकवाडीहून कितीतरी जुने, हे प्रवराकाठचा शेतकरी सांगतो ते खोटे नाही. पैठणखालच्या शेतकऱ्याची तहानही खोटी नाही. तेलंगणाला दिलेला शब्द तारखेबरहुकूम पाळणाऱ्या शासनाने या दोघांना एका बैठकीत बसवून, दोघांच्या सह्यांचा कागद तयार करायला हवा. तो पावसाळा भरपूर असतानाच व्हावा. दुष्काळात तो होणार नाही.